खडपाकडं पाठ

आमच्या खाडीत कुणाकडं पाठ करून बसलं तर तो त्याला दिलेला मान असतो. बाहेरच्या माणसाला एवढी एक गोष्ट पटवण्यात माझी आठ वर्षं गेली आणि घशाची पार वाट लागली.

म्हसळ्याच्या शाळेतल्या आमच्या मराठीच्या बाईंचा फोन आला, दिवाळी अंकासाठी तुझ्या कामावर लिही म्हणून. मी म्हणलं, "बाई, तुम्हीच मला निबंधात दहातले तीन दिले होते." त्या म्हणल्या, "तेव्हा तू गाईडमधलं उतरून काढायचास. आता बोलतोस तसं लिही." तर बोलतो तसं लिहितोय. शुद्धलेखनाचं बाई बघतील.

माझं नाव समीर, पण दिघीपासून म्हसळ्यापर्यंत मला टेप म्हणतात. टेपरेकॉर्डरमधला टेप. एकदा कानावर पडलेला आवाज मला काढता येतो. फेरीबोटीवर गाड्या लावून घेणारा माणूस, एसटीचा कंडक्टर, आमचे हेडमास्तर (सर्दी झालेले आणि न झालेले, दोन्ही). शाळेत या कलेपायी जेवढा मार खाल्ला तेवढा अभ्यास न केल्यापायीसुद्धा खाल्ला नाही. धंद्यात मात्र ही कला उपयोगी पडली. आणि धंद्यातच ती अंगाशी आली. तेच सांगायचंय.

आधी धंदा काय ते सांगतो. कयाक म्हणजे प्लास्टिकची लांबट होडी. आत नाही, वर बसायचं, पाय पुढं सोडून, हातात दोन तोंडांचं वल्हं घेऊन. अशा होडीतून खाडीत जायचं आणि गळानं मासा धरायचा. पुण्या-मुंबईची माणसं त्यासाठी सुट्टी काढून येतात. मी त्यांना नेतो, आणतो, मधल्या वेळात सांभाळतो. आमच्या आईला हे अजून झेपलेलं नाही.

"मासा धरायला पैसे देतात?"

"व्हय."

"आणि धरलेला परत सोडतात?"

"फोटो काढून सोडतात."

"मंग येतात कशाला?"



माझं काम म्हणजे पाण्याची वेळ बघायची, कयाक उतरवायच्या, लाईफ जॅकेटचा पट्टा पोटावरून पुढं जात नसेल तर "सर, हा जरा छोटा साईझ आलाय" म्हणायचं. शिंगाळा लागला तर तो मीच सोडवायचा, कारण त्याचा काटा बसला की माणूस दिवसभर देवाचं नाव घेतो. ज्याचा रॉड माझ्या मोटरसायकलपेक्षा महाग, त्याचा गळ हमखास तिवराच्या झाडात. मग टेप चढतो चिखलात, गुडघाभर, आणि झाडाच्या फांदीतनं साहेबांचा खोटा मासा काढून आणतो. साहेब विचारतात, "इथं मासे आहेत ना नक्की?" मी म्हणतो, "सर, पाण्यात आहेत. झाडावरचं मला माहीत नाही."

हसतात. हसले की आपलं काम सोपं. पण रविवारी संध्याकाळी घरी आलो की तोंडाला कुलूप लावून बसतो. आई म्हणते, दुनियेला हसवतो आणि घरात आलं की मयतीला आल्यागत बसतो. खरंय. दिवसभर दुसऱ्यांच्या आवाजात बोललं की संध्याकाळी स्वतःचा आवाज उरत नाही.

आता खडप. आमच्या बंदरापासून वल्हं मारत पाऊण तासावर पाण्याखाली एक खडक आहे. ओहोटीला त्याची नुसती कड दिसते, सुपाच्या काठासारखी, म्हणून सुपाचं खडप. भरती सुरू झाली की जिताडा तिथं येतो. जिताडा काय चीज आहे ते रायगडात सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की आमच्याकडं जावयाला जिताडा खाऊ घातला की मुलीच्या सासरचं दोन वर्षं बघावं लागत नाही.

या खडपावर एका वेळी एकच होडी. दोन होड्या आल्या की दोन नांगर, दोन दोऱ्या, गुंता, खडखडाट, आणि मासा पसार. त्यामुळं जो आधी आला तो बसणार. दुसरा आला तर त्यानं लांब, तिवरांच्या टोकाशी थांबायचं, आणि थांबायचं ते खडपाकडं पाठ करून. वळून बघायचं नाही. काय लागलं, किती लागलं, बघायचं नाही. पहिल्याचं झालं की तो आपणहून नांगर उचलतो आणि लांब हाक देतो, "घ्याऽऽ!" हाक ऐकली की मगच होडी वळवायची. किती वेळ बसायचं याला घड्याळ नाही. मागं माणूस पाठ करून बसलाय म्हणल्यावर बसलेल्यालाच लाज वाटते आणि तो उठतो.

हे मला कुणी शिकवलं नाही, मी शिव्या खाऊन शिकलो. धंद्यातला पहिला महिना. खडपावर इस्माईलचाचा गरी टाकून बसलेले. इस्माईलचाचा म्हणजे आमच्या शेजारचेच. जवानी सगळी कुवेतच्या हॉटेलात स्वयंपाकी म्हणून गेली, आणि परत आल्यापासून एक लहान होडी, एक दोरी आणि गरीला लावायला डब्यात जिवंत बोय मासे, एवढाच संसार. मी आपला दोन गिऱ्हाइकं घेऊन त्यांच्या समोर जाऊन उभा. कौतुकानं बघतोय.

चाचांनी वर बघितलं. "कोणाचा रे तू?"

"चाचा, मी समीर. शेजारचा."

"शेजारचा, तरी ताटात बघतोस?"

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. "लगनात जेवायला बसल्यावर तुझ्या खुर्चीला धरून मागं माणूस उभा राहिला, तर घास उतरतो काय? मासा धरणारा जेवत असतो. त्याच्याकडं बघायचं न्हाय. पाठ कर."

पाठ केली. गिऱ्हाइकांनाही करायला लावली. त्यातल्या एकानं विचारलं, "आपल्याला शिक्षा केलीय का?"

खडपाचे खरे मानकरी दोन. एक इस्माईलचाचा, दुसरे गणूदादा. गणूदादा पलीकडच्या कोळवाड्यातले, चाचांहून दोनेक वर्षांनी लहान, म्हणजे सत्तरीला टेकलेले. चाचा गल्फमधून आल्यापासून हे दोघं आलटून पालटून त्या खडपावर. एकानं मासा धरताना दुसऱ्यानं कधी पाहिलेला नाही. तरी सगळं माहीत. ईदला चाचांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा होडीतनं पलीकडं जायचा, आणि नारळी पौर्णिमेला तोच डबा नारळीभात भरून अलीकडं यायचा. डबा कुणाचा हे आता दोन्ही घरच्या बायकांनाही आठवत नसेल.

या दोघांच्या मागं तिसरा नंबर त्यांनी मला दिला. ही लहान गोष्ट नव्हती. बंदरावर बाकीचे म्हणत होते, या लाल-पिवळ्या केळ्यांना खडपावर येऊच देऊ नका. चाचा म्हणले, "येऊ दे. पाठ करतो पोरगा."

सुरुवातीला खाडीत कयाक चार होत्या, चारही माझ्याच ओळखीच्या. मग दोन्ही काठांवर रिसॉर्टं झाली आणि प्रत्येकानं पाच-सहा आणून टाकल्या. रविवारी सकाळी खाडी बघाल तर वाटेल, कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे सुटलेत. एकाच्या कयाकवर गाणी लावलेला स्पीकर. एकाचा ड्रोन वरून गुंगुं करतोय. एक जण गरी टाकून बसलेल्या म्हाताऱ्याच्या दोरीवरून सरळ जाणार आणि वर हात हलवून "हाय अंकल!" म्हणणार. मी सांगायचो, माणसाच्या समोरून नाही, मागून जा. दोरी कुठल्या बाजूला आहे बघा. लांबून विचारा, मग जवळ जा. रस्त्यावर नाही का आपण कुणी रांगोळी काढत असेल तर वळसा घालून जात.

एक ठरलेलं वाक्य मला दर रविवारी ऐकायला मिळतं. "पाणी काय कोणाच्या बापाचं आहे का?" मुंबईचा म्हणतो, पुण्याचा म्हणतो, फक्त पुण्याचा आधी "तसं बघायला गेलं तर" लावतो. पहिली दोन वर्षं मी उत्तर द्यायचो. मग नुसता हसायचो. आता तेही नाही. मान हलवतो आणि म्हणतो, "सर, वल्हं उलटं धरलंय तुम्ही."

सगळेच असे नसतात. एक निवृत्त नर्स आल्या होत्या, एकट्याच. त्यांना म्हणलं, "मॅडम, आता खडपाकडं पाठ करायची." त्यांनी कारण न विचारता कयाक फिरवली. मग हळूच म्हणल्या, "वॉर्डात पेशंटला पुसून काढताना आपण पडदा ओढतो, तसंच ना?" मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण कयाकमधून पाया पडायला गेलं तर माणूस पाण्यात पडतो.

तर तो दिवस. थंडी सरत आलेली, सकाळची भरती. माझ्याबरोबर पुण्याचे एक डॉक्टर आणि त्यांचे दोन मित्र. खडपावर इस्माईलचाचा. तिवरांच्या टोकाशी गणूदादा, पाठ करून, बिडी ओढत. त्यांच्या पलीकडं आम्ही. अर्धा तास गेला. पुण्याची माणसं अर्धा तास खडपाकडं पाठ करून बसली हा तसा विक्रमच. मग डॉक्टर म्हणले, "टेप, कंटाळा आला. काहीतरी कर."

मी कंडक्टर केला. फेरीबोटवाला केला. हसले. तेवढ्यात भरतीच्या ओढीनं आमच्या कयाक सरकत सरकत गणूदादांच्या मागं गेलेल्या, म्हणजे दादा आणि खडप यांच्या मधे. वारा खडपाकडून आमच्याकडं.

डॉक्टर म्हणले, "त्या चाचांचा येतो का?"

येतो म्हणजे? लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकतोय. मी तोंडाजवळ हात धरला, गळा थोडा आत घेतला आणि काढला. "घ्याऽऽ!" शेवटाला चाचांचा आवाज जरा फाटतो, तोसुद्धा.

डॉक्टरांनी टाळी दिली. आणि गणूदादांनी बिडी पाण्यात टाकली.

दादांनी होडी वळवली आणि वल्हं मारायला लागले. आमच्याकडंची दोन वल्ह्यांची होडी माणूस उलटा बसून हाकतो, तोंड मागं, पाठ पुढं. म्हणजे खडपाकडं जातानाही दादांची पाठच खडपाकडं. आमच्या बाजूनं गेले तेव्हा मला म्हणाले, "तुझा नंबर यील आता लवकर." हसून म्हणाले.

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. वेळ होता. "दादा, मी होतो, मस्करी केली," एवढंच. पण पाहुणे हसत होते, आणि मला वाटलं जवळ गेल्यावर मान वळवून बघतील, चाचा बसलेले दिसतील, थांबतील, दोघं मला शिव्या घालतील आणि संपेल. असं वाटलं म्हणतो. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात हेही होतं, की भरती चाललीय, दादा लवकर बसले तर लवकर उठतील. मस्करी किती आणि घाई किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

दादांनी मान वळवली. पण चाचा त्याच वेळी होडीत वाकलेले. दादांना वाटलं नांगर ओढतायत. दादांनी सवयीनं, नेहमीच्या जागी, आपला नांगर टाकला.

चाचा नांगर ओढत नव्हते. त्यांना जिताडा लागला होता. मोठा. आम्ही सगळ्यांनी तेव्हा वळून बघितलं, मी पण. पाण्यावर चांदीच्या परातीसारखा एकदा उलटला. दोरी गेली दादांच्या नांगराच्या दोरखंडावर, चरचरली आणि तुटली. तुटताना चाचांच्या बोटाला कापत गेली.

पाण्यावर आवाज लांब जातो, त्यामुळं पुढचं सगळं ऐकू आलं.

"गणू! डोळे फुटले काय तुझे?"

"तूच हाक दिलीस!"

"मी? मासा लागलेला असताना मी हाक देईन?"

"दिलीस म्हणून आलो! न्हायतर कशाला येऊ? आजपतूर आलोय काय कधी?"

"खोटं बोलतोस? या वयात? या माशापायी?"

तो "खोटं" शब्द गणूदादांना बसला. त्यांनी नांगर ओढला आणि निघून गेले. आमच्या शेजारून गेले तेव्हा कुणाकडंच बघितलं नाही.

डॉक्टर हळूच म्हणले, "अरे, सांग ना त्यांना."

मी म्हणलं, "सांगतो, सर. शांत झाले की सांगतो."

शांत झाले की सांगतो, म्हणत दीड महिना गेला.

कारण द्यायची तर बरीच आहेत. बंदरावर आधीच कयाकवर डोळा होता. हे कळलं असतं तर उद्यापासून पाण्यात पाय घालू दिला नसता. मी नोकरी शोधत माणगावला कुठल्यातरी दुकानात शर्टांच्या घड्या घालत बसलो असतो. ही कारणं खरी आहेत, पण रात्री झोप आणायला पुरत नव्हती.

खाडीचं काय झालं ते सांगतो. पुढच्या आठवड्यात चाचा खडपावर असताना दादा तिथंच येऊन बसले, शेजारी, तोंड चाचांकडं करून. त्यांच्या मनात, मला खोटा म्हणलास ना, मग आता हाकेची वाट कशाला बघू. दोन नांगर, दोन दोऱ्या, मासा कुणालाच नाही. रिसॉर्टच्या पोरांनी ते बघितलं. म्हातारेच नियम मोडतायत म्हणल्यावर आपल्याला काय? पुढच्या रविवारी खडपावर मी मोजल्या, अकरा कयाक. एकमेकांच्या दोऱ्यांत गुंतलेल्या, एकमेकांवर ओरडणाऱ्या. मधोमध दोन म्हातारे दोन होड्यांत बसलेले, एकमेकांशी एक शब्द नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं समोरासमोर बसले होते, तेही असे. ईद आली. डबा गेला नाही. आई म्हणाली, "गणूदादाला काय झालंय रे? इतका इमानदार माणूस." मी शेवया खात होतो. खातच राहिलो.

बंदरावर हळूहळू एक बोलणं सुरू झालं. गणूदादा खोटं बोलणार नाही, आणि इस्माईलनं तर हाक दिली नाही. मग राहिलं काय? म्हाताऱ्याला भास होतात. आज हाक ऐकू आली, उद्या पाण्यात कुणी बोलावतंय म्हणून उडी टाकंल. हे दादांच्या मुलाच्या कानावर गेलं. मुलगा चांगला आहे, बापाची काळजीच होती त्याला. त्यानं सांगितलं, बाबा, आता एकटं पाण्यात जायचं नाही. होडी विकू. एका रिसॉर्टवाल्याला ती पाहिजे होती. मासेमारीला नाही, गेटाजवळ उभी करून आत फुलझाडं लावायला.

मी हे ऐकलं आणि तरी दोन दिवस गप्प बसलो. लिहायला बसलोय तर तेही लिहितो.

तिसऱ्या दिवशी म्हसळ्याला गेलो होतो, कयाकवरचं रॉड खोचायचं नळकांडं फुटलं होतं ते चिकटवायचा डिंक आणायला. एसटी स्टँडवर बाकावर गणूदादा बसलेले. धुतलेला सदरा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"दादा, इकडं कुठं?"

"डाक्टरकडं. कान तपासाया."

मी शेजारी बसलो.

"मशीनमध्ये घातला मला," दादा म्हणाले. "कानाला डबडी लावली. टीं वाजला की हात वर करायचा. शाळेत नव्हता येवढा हात वर केला." हसायचा प्रयत्न केला त्यांनी. "डाक्टर म्हणतो, बाबा, तुमचे कान माझ्यापेक्षा बरे हाय."

"मग बरंच झालं की, दादा."

"बरं कसं?" त्यांनी पिशवीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "कान बरे हाय, आन् इस्माईल खोटं बोलणार न्हाय. म्हंजे बिघाड डोक्यात. पोरगा म्हणतो तेच खरं. नेऊ देत होडी. उद्या यनार हाय तो फुलझाडवाला."

आयुष्यात मी इतके आवाज काढलेत, पण त्या वेळी माझा स्वतःचा आवाज निघेना. शेवटी निघाला तो कुणा तरी भलत्याचाच. म्हणलं, "दादा, हाक मी दिली होती."

त्यांनी हातातली पिशवी बाकावर ठेवली.

"चाचांचा आवाज काढला होता. पाहुण्यांना हसवायला. तुम्ही निघालात तेव्हा बोललो नाही. नंतर पण बोललो नाही."

एसटी आली, माणसं चढली, गेली. दादा म्हणाले, "काढ."

"काय?"

"त्याचा आवाज. काढ आता."

"दादा, इथं स्टँडवर…"

"काढ म्हनतो ना."

काढला. "घ्याऽऽ!" स्टँडवरची पाच-पंचवीस माणसं वळली. केळीवाली म्हणाली, "काय घ्या?" दादांनी डोळे मिटले होते. मिटूनच म्हणाले, "परत." मी परत काढला, शेवटाला फाटतो तसा. मग त्यांचे खांदे सैल पडले आणि ते तोंडावर हात घेऊन बसले. हसतायत का रडतायत कळेना.

"म्हंजे मी आयकला," ते म्हणाले. "मी आयकला व्हता."

मग डोळे पुसले, उठले आणि माझ्या कानाखाली एक अशी दिली की मलाही टीं ऐकू आलं. केळीवाली म्हणाली, "अगो बाई!" दादा म्हणाले, "चल. इस्माईलला सांगायचा हाय. मी न्हाय सांगनार. तू सांग."

इस्माईलचाचा अंगणात दोरीला गाठी मारत बसले होते. बोटावरची जखम भरलेली, पण पांढरी खूण राहिलेली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. दादा फाटकाबाहेर थांबले होते, आमच्या घराकडं तोंड करून.

मला वाटलं चाचा पण मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हातातली अर्धवट गाठ सोडून दिली. मग एवढंच म्हणाले, "मी गणूला खोटा म्हणलो."

"चाचा, चूक माझी…"

"तुझी तू बघ. माझी मला बघू दे." उठले, चपला न घालताच फाटकापर्यंत गेले. गणूदादांच्या खांद्यावर हात ठेवला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. घरातून चाचींनी दोघांना चहा दिला. मला नाही दिला.

फुलझाडवाला दुसऱ्या दिवशी येऊन हात हलवत गेला. दादांच्या मुलानं माझ्याशी बोलणं टाकलंय, ते अजून टाकलेलंच आहे. बंदरावर मात्र माझं काही झालं नाही. चाचा आणि दादा दोघांनीही गोष्ट तिथंच ठेवली. या लेखामुळं ती आता बंदरावरच्यांना कळेल. कळू दे. दीड महिना जे बोलायला हवं होतं ते उशिरा का होईना छापून तरी येईल.

खडपावर हळूहळू पुन्हा एकच होडी बसायला लागली. अकरा कयाकना मी एकेक करून मागं आणलं. रिसॉर्टच्या पोरांना समजावलं, हात जोडले, एकाच्या मालकाचा आवाज काढून त्याला फोन करावा असं फार मनात आलं, पण नाही केला. सगळे ऐकत नाहीत. निम्मे ऐकतात. निम्म्यांना अजून पाणी कुणाच्या बापाचं ते कळायचंय. माझी दमछाक होते, पण हे काम मला कुणी दिलेलं नाही, मीच वाढवून ठेवलंय.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. हाक. पहिल्याच दिवशी दादा खडपावरून उठताना चाचांना म्हणाले होते, "इस्माईल, आता हाकंवर कोण उठंल?" माझ्यावर राग म्हणून नाही. टेपनं नाही तर उद्या कुणाच्या मोबाईलनं आवाज काढला तर? खरंच होतं. आता नवीन रीत पडलीय. ज्याचं झालं त्यानं नांगर उचलायचा, तिवरांच्या टोकापर्यंत स्वतः वल्हं मारत यायचं आणि थांबलेल्याच्या होडीला आपल्या वल्ह्यानं स्पर्श करायचा. मग थांबलेला वळणार.

मी चाचांना म्हणलं होतं, "तुम्ही कशाला येता भरतीच्या उलट्या पाण्यात? मी येतो ना तुमच्याकडं."

"यायला वळावं लागंल," चाचा म्हणाले. "वळशील तर बघशील."

परवाच्या रविवारी दोन पाहुणे घेऊन टोकाशी बसलो होतो, खडपाकडं पाठ करून. मागून वल्ह्याचा आवाज यायला लागला. एक पाहुणा विचारतो, "कोण येतंय?" मी म्हणलं, "मागं बघू नका." वल्ह्यांच्या कड्या कुरकुरत होत्या. पाणी उलटं होतं, ओढ जोरात. आवाज मधेच थांबला. थांबल्यावर श्वास ऐकू आला, सत्तरी ओलांडलेल्या चाचांचा. परत वल्हं सुरू झालं. परत थांबलं. पाहुणा म्हणाला, "अहो, नुसती हाक मारली असती तरी आपण गेलो असतो."

मी मोजत होतो. एकशे बारा वल्ही झाली, तेव्हा कयाकच्या प्लास्टिकला मागून ठक् झालं.